मेंदूच्या इजेनंतरचे अर्धे दृष्टिक्षेत्र : गैरसमज आणि वस्तुस्थिती

नजर एका बिंदूवर स्थिर ठेवून, मान किंवा डोळे न हलवता जेवढा परिसर जाणवतो, त्याला दृष्टिक्षेत्र म्हणतात. एका डोळ्याचे क्षेत्र नाकाच्या बाजूला सुमारे ६० अंश आणि कानाच्या बाजूला ९० ते १०० अंश पसरलेले असते, तर दोन्ही डोळे मिळून माणसाला समोरचा सुमारे १८० अंशांचा पट्टा दिसतो. मेंदूला इजा झाल्यानंतर या क्षेत्राचा डावा किंवा उजवा अर्धा भाग नाहीसा झाला, तर त्या अवस्थेला हेमिअनोपिया असे नाव आहे. अमेरिकेतील एमरी विद्यापीठाच्या तज्ज्ञांनी २००६ मध्ये अशा ९०४ दृष्टिदोषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ६९.६ टक्के दोष पक्षाघातामुळे, १३.६ टक्के डोक्याला झालेल्या इजेमुळे आणि ११.३ टक्के मेंदूतील गाठींमुळे उद्भवलेले आढळले. लोकल गाड्यांची गर्दी, दुचाकींची वर्दळ आणि वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे एकत्र येणाऱ्या अंधेरीसारख्या उपनगरात ही उणीव घेऊन वावरणे अवघड असते, आणि ती बाहेरून कोणाला दिसत नसल्यामुळे, किंबहुना ज्याची आहे त्यालाही तिचा नेमका आकार पुष्कळदा ठाऊक नसल्यामुळे, तिच्याभोवती अनेक गैरसमज साचले आहेत.

गैरसमज १ : एका डोळ्याची नजर गेली आहे.

वस्तुस्थिती : मेंदू दृष्टीची विभागणी डोळ्यांनुसार करत नाही, बाजूंनुसार करतो. प्रत्येक डोळ्याच्या दृष्टिपटलाच्या नाकाकडील अर्ध्या भागातून निघणारे चेतातंतू कवटीच्या तळाशी एका ठिकाणी दुसऱ्या बाजूला ओलांडून जातात, कानाकडील अर्ध्या भागातले तंतू मात्र आपल्याच बाजूला राहतात, आणि त्यामुळे या ओलांडणीच्या मागे दोन्ही डोळ्यांना दिसणारी डावी बाजू मेंदूच्या उजव्या अर्ध्यात, तर उजवी बाजू डाव्या अर्ध्यात पोहोचते. पुढे हे तंतू थॅलॅमस या केंद्रातून डोक्याच्या मागच्या भागातील पश्चकपाल खंडापर्यंत जातात. या वाटेवर कुठेही इजा झाली तरी दोन्ही डोळ्यांची एकच बाजू नाहीशी होते. इजा कानशिलालगतच्या खंडात असेल तर बहुधा वरचा चतुर्थांश, आणि त्याच्या वरच्या पार्श्विक खंडात असेल तर खालचा चतुर्थांश गमावला जातो. ओलांडणीच्या जागीच पीयूषिका ग्रंथीच्या गाठीचा दाब पडला, तर मात्र दोन्ही डोळ्यांच्या बाहेरच्या बाजू जातात.

हा नकाशा प्रामुख्याने युद्धातील जखमींच्या तपासणीतून स्पष्ट झाला. जपानी नेत्रतज्ज्ञ तात्सुजी इनोऊये यांनी रशिया-जपान युद्धात डोक्यात गोळी लागूनही वाचलेल्या सैनिकांची दृष्टिक्षेत्रे तपासून १९०९ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले, आणि पहिल्या महायुद्धात गॉर्डन होम्स व विल्यम लिस्टर यांनी १९१६ मध्ये त्यात भर घातली. घरच्या घरी या गैरसमजाची शहानिशा करण्यासाठी आधी एक आणि मग दुसरा डोळा झाकून समोर पाहावे. दोन्ही वेळा एकच बाजू गायब होत असेल, तर दोष डोळ्यात नसून मेंदूत असण्याची शक्यता मोठी असते.

गैरसमज २ : तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचता आला, म्हणजे दृष्टी ठीक आहे.

वस्तुस्थिती : चष्म्याच्या दुकानात किंवा दवाखान्यात वाचायला दिला जाणारा तक्ता दृष्टीची तीक्ष्णता मोजतो. ही तीक्ष्णता दृष्टिपटलाच्या मध्यावरील मॅक्युला या लहानशा भागावर अवलंबून असते, आणि अर्धे क्षेत्र गेलेल्या अनेकांची मध्यवर्ती दृष्टी शाबूत राहते, म्हणून ६/६ असा शेरा मिळूनही एक संपूर्ण बाजू नाहीशी असू शकते. नवा चष्मा केल्याने तिच्यात फरक पडत नाही. दृष्टिक्षेत्र मोजण्यासाठी पेरिमेट्री ही वेगळी तपासणी करावी लागते, जिला रुग्णालयांत फील्ड टेस्ट म्हणतात. हनुवटी टेकवून, वाडग्यासारख्या पांढऱ्या पडद्याच्या मध्यावर नजर रोखून, इकडेतिकडे लुकलुकणारा प्रकाशबिंदू दिसला की बटण दाबायचे असते, आणि त्यावरून प्रत्येक डोळ्याच्या क्षेत्राचा छापील नकाशा तयार होतो.

याच गैरसमजाचे एक घातक रूप म्हणजे हात-पाय चालत असतील तर तो पक्षाघात नव्हे अशी समजूत. पश्चकपाल खंडाला रक्त पुरवणारी धमनी बंद झाली, तर हातापायांत अशक्तपणा न येता, बोलणे न अडखळता केवळ एक बाजू दिसेनाशी होऊ शकते. अशा वेळी चष्म्याच्या दुकानात जाण्यात किंवा उद्यावर ढकलण्यात गेलेला वेळ महागात पडतो, कारण गुठळी विरघळवणारे इंजेक्शन सर्वसाधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. अचानक एका बाजूचे दिसणे बंद होणे हे १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावण्याचे कारण आहे.

गैरसमज ३ : गेलेला भाग काळा दिसतो, त्यामुळे रुग्णाला लगेच कळते.

वस्तुस्थिती : बहुतेकांना तिथे काळोख दिसत नाही, तिथे काहीच नसते, जसे कोणालाही स्वतःच्या डोक्याच्या मागे काळा पडदा दिसत नाही. शिवाय मेंदू आजूबाजूच्या रंग आणि नक्षीवरून रिकाम्या जागा भरून काढतो, त्यामुळे चित्र अपुरे असल्याची जाणीवच होत नाही. परिणामी दाराची चौकट खांद्याला लागते, टेबलावरचा पेला हाताच्या धक्क्याने सांडतो, अंधेरी स्थानकाच्या पुलावर एका बाजूने येणारा माणूस अचानक अंगावर आल्यासारखा वाटतो, आणि अशा घटना साठत गेल्यावरच काही लोकांना आपली एक बाजू गेल्याचा अंदाज येतो.

गेलेल्या भागात कधी कधी रंगीत आकृत्या, नक्षी किंवा माणसांचे चेहरेही दिसतात. स्विस निसर्गशास्त्रज्ञ शार्ल बोने यांनी १७६० मध्ये आपल्या दृष्टी मंदावलेल्या आजोबांच्या अशा अनुभवांची नोंद केली होती, आणि त्यांच्याच नावाने हा प्रकार ओळखला जातो. दृष्टीची माहिती येणे थांबल्यावर मेंदूचा तो भाग स्वतःहून चित्रे निर्माण करतो, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. त्याला वेड किंवा बाहेरची बाधा समजण्याचे कारण नाही, मात्र पक्षाघातानंतर काही रुग्णांना फिट येऊ शकत असल्यामुळे डॉक्टरांना त्याची कल्पना द्यावी.

गैरसमज ४ : सारखी धडक बसते, कारण लक्ष नसते.

वस्तुस्थिती : येथे दोन निरनिराळ्या अवस्थांची गल्लत होते. हेमिअनोपियात दिसत नाही, पण लक्ष शाबूत असते, म्हणून उणीव समजल्यावर माणूस त्या बाजूला मान वळवायला शिकतो. दुसऱ्या अवस्थेत, जी बहुधा मेंदूच्या उजव्या बाजूच्या इजेनंतर उद्भवते, डाव्या बाजूची दखल घेण्याची क्षमताच दुबळी होते. तिला एकांगी दुर्लक्ष असे म्हणता येईल, मात्र हे दुर्लक्ष हेतुपुरस्सर नसते. मराठी पद्धतीने वाढलेल्या ताटात चटणी, कोशिंबीर आणि लोणचे डावीकडे असतात. अशा व्यक्तीच्या ताटात उजवीकडची भाजी संपते, डावी बाजू तशीच राहते, आणि पोट भरले नसल्याची तक्रारही ऐकू येते. केवळ डावे क्षेत्र गेलेली व्यक्ती ताट फिरवून किंवा मान वळवून कोशिंबीर शोधून काढते. दोन्ही अवस्था एकत्रही असू शकतात, आणि उपचारांची दिशा त्यानुसार बदलत असल्यामुळे हा भेद व्यवसायोपचार तज्ज्ञाकडून, म्हणजे दैनंदिन कामे पुन्हा शिकवणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून, तपासून घ्यावा लागतो.

गैरसमज ५ : कधी दिसते, कधी दिसत नाही, म्हणजे हे सोंग आहे.

वस्तुस्थिती : गेलेल्या बाजूला स्थिर ठेवलेली वस्तू न दिसणाऱ्या माणसाला त्याच बाजूची हलणारी वस्तू जाणवू शकते, हे जॉर्ज रिडॉक यांनी १९१७ मध्ये जखमी सैनिकांच्या तपासणीत नोंदवले. पुढे १९७४ मध्ये लॉरेन्स वाइसक्रांट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका रुग्णाचा अभ्यास मांडला, ज्याला अंध बाजूला काहीच दिसत नसल्याचे तो सांगत असे, तरीही अंदाजाने बोट दाखवायला सांगितल्यावर त्याचे बोट योगायोगापेक्षा कितीतरी अधिक वेळा बरोबर जागी जाई. डोळ्यांकडून मेंदूकडे जाणारी काही माहिती पश्चकपाल खंडाला वळसा घालून इतर केंद्रांत पोहोचते, हे यामागचे कारण मानले जाते. अंगावर येणारा चेंडू चुकवणाऱ्या व्यक्तीला त्याच बाजूला ठेवलेले स्टूल मात्र न दिसणे यात त्यामुळे विसंगती नाही.

गैरसमज ६ : वाचता येत नाही, म्हणजे बुद्धीवर परिणाम झाला.

वस्तुस्थिती : वाचताना नजर ज्या अक्षरावर असते, त्याच्या पुढची अक्षरेही मेंदू आधीच टिपत असतो. इंग्रजीवरील प्रयोगांत हा पल्ला डावीकडे सुमारे तीन-चार, तर उजवीकडे सुमारे चौदा-पंधरा अक्षरांचा आढळला आहे. मराठीही डावीकडून उजवीकडे वाचली जात असल्यामुळे उजवी बाजू गेलेल्याचे वाचन अधिक अडखळते, आणि मराठीत विभक्तिप्रत्यय शब्दाच्या शेवटी येत असल्यामुळे ‘घरात’ आणि ‘घरातून’ यांतला फरक निसटून वाक्याचा अर्थच बदलू शकतो. डावी बाजू गेलेल्याला ओळ वाचता येते, पण पुढच्या ओळीचा आरंभ सापडत नाही, आणि फलकावरील ‘विलेपार्ले’ त्याला ‘पार्ले’ असेही वाटू शकते. वाचलेला शब्द अर्थपूर्ण असल्याने चूक लक्षात येत नाही. ओळीखाली पट्टी धरणे, समासाच्या कडेला ठळक रेघ ओढणे, ओळीच्या टोकापर्यंत बोट नेऊन मगच नजर मागे आणणे अशा उपायांनी बराच फरक पडतो.

गैरसमज ७ : डोळ्यांच्या व्यायामाने गेलेला भाग परत येतो, किंवा आता काहीच करता येत नाही.

वस्तुस्थिती : ही दोन्ही टोके चुकीची आहेत. एमरी विद्यापीठाच्याच आणखी एका अभ्यासात, इजेनंतर पहिल्या महिन्याच्या आत तपासणी झालेल्यांत आपोआप सुधारणा होण्याची शक्यता ५० ते ६० टक्के आढळली, आणि पहिली तपासणी सहा महिन्यांनी झालेल्यांत ती सुमारे २० टक्क्यांवर आली. म्हणजे सुरुवातीच्या महिन्यांतील सुधारणेचे श्रेय त्या काळात चालू असलेल्या एखाद्या औषधाला, संगणकीय कार्यक्रमाला किंवा मालिशीला देणे धोक्याचे आहे. गमावलेले क्षेत्र परत मिळवून देण्याचे दावे करणाऱ्या पद्धतींचे पुरावे तोकडे आहेत.

नजर फिरवण्याचे प्रशिक्षण हा सर्वाधिक व्यवहार्य मार्ग आहे. त्यात अंध बाजूला मोठ्या झेपेने नजर टाकण्याची आणि मग शिस्तीने परिसर न्याहाळण्याची सवय लावली जाते. क्षेत्र वाढत नाही, पण उरलेल्या क्षेत्राचा वापर सुधारतो. बॉस्टन येथील एली पेली यांनी २००० मध्ये मांडलेल्या पद्धतीत चष्म्याच्या काचेवर वर आणि खाली प्रिझम बसवून अंध बाजूचे दृश्य दिसत्या बाजूत सरकवले जाते. असा चष्मा काहींना उपयोगी पडतो, काहींना प्रतिमांच्या गोंधळामुळे सहन होत नाही, म्हणून तो तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच वापरून पाहावा.

रस्त्यावर या प्रशिक्षणाची खरी परीक्षा होते. भारतात वाहने डावीकडून चालत असल्यामुळे रस्ता ओलांडणाऱ्याच्या दिशेने पहिली रांग उजवीकडून येते, म्हणून उजवी बाजू गेलेल्याला पाऊल उचलण्यापूर्वीच धोका असतो, तर डावी बाजू गेलेल्याला तो रस्त्याच्या मध्यानंतर भेटतो. अंधेरीच्या एस. व्ही. रोडसारख्या रस्त्यावर उलट दिशेने दुचाकी येण्याचा संभव धरून दोन्ही बाजूंना मान पूर्ण वळवणे आवश्यक ठरते. सोबतच्या व्यक्तीने अंध बाजूने चालावे, कारण त्या बाजूच्या धडका तिच्यामुळे टळतात.

गैरसमज ८ : परवाना असेल आणि नंबरप्लेट वाचता येत असेल, तर गाडी चालवायला हरकत नाही.

वस्तुस्थिती : परवान्यासाठीच्या स्वयंघोषणापत्रात २५ मीटरवरील वाहनाची नंबरप्लेट ओळखता येते का, असा प्रश्न असतो. हेमिअनोपिया असलेली व्यक्ती ती सहज वाचते, म्हणून या प्रश्नाचे होकारार्थी उत्तर सुरक्षिततेचा पुरावा ठरत नाही. त्याच घोषणापत्रात लोकांना धोका निर्माण करू शकेल असा अन्य विकार आहे का, हेही विचारलेले असते आणि त्याचे खरे उत्तर देणे अर्जदारावर बंधनकारक आहे. ब्रिटनमध्ये सर्वसाधारण परवान्यासाठी आडवे किमान १२० अंशांचे दृष्टिक्षेत्र लागते, आणि संपूर्ण हेमिअनोपियात ते उरत नाही. डॉक्टरांनी क्षेत्राचा नकाशा पाहून स्पष्ट परवानगी देईपर्यंत दुचाकी, रिक्षा किंवा मोटार चालवू नये. ज्यांची उपजीविकाच त्यावर आहे अशांनी पर्यायी कामाचा विचार उपचारांच्या जोडीनेच सुरू करणे हिताचे ठरते.

गैरसमज ९ : पूर्ण अंधत्व नसल्यामुळे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळत नाही.

वस्तुस्थिती : दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये तीक्ष्णतेबरोबर दृष्टिक्षेत्राचाही निकष आहे. क्षेत्र ४० अंशांपेक्षा कमी आणि १० अंशांपर्यंत असेल तर ती अल्पदृष्टी, आणि १० अंशांपेक्षा कमी असेल तर ते अंधत्व मानले जाते. मूल्यांकनासाठी २०१८ मध्ये अधिसूचित झालेल्या तक्त्यात मॅक्युला गुंतलेल्या हेमिअनोपियाचा उल्लेख ४० टक्क्यांच्या श्रेणीत होता, आणि बहुतेक सवलतींसाठी हीच किमान मर्यादा असते. मार्गदर्शक सूचना २०२४ मध्ये सुधारण्यात आल्या असल्यामुळे अर्जाच्या वेळी लागू असलेला तक्ता पाहावा. मध्यवर्ती दृष्टी वाचलेली व्यक्ती या श्रेणीत बसेलच असे नाही, तथापि मेंदूच्या इजेमुळे हातापायांवर किंवा वाचेवरही परिणाम झाला असेल, तर त्यांचे मूल्यांकन एकत्रितपणे केले जाते. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करून अधिकृत रुग्णालयातील वैद्यकीय मंडळापुढे तपासणी द्यावी लागते.

या सर्व प्रसंगी एकच कागद निर्णायक ठरतो, तो म्हणजे फील्ड टेस्टचा छापील नकाशा. उपचार करणाऱ्याला, परवान्याबाबत सल्ला देणाऱ्या डॉक्टरला आणि वैद्यकीय मंडळाला तो लागतोच, शिवाय कोणती बाजू किती गेली आहे हे घरच्यांना त्यावरूनच नेमके समजते, आणि आजवर वेंधळेपणा, विसरभोळेपणा किंवा सोंग म्हणून खपलेल्या गोष्टींचे कारण त्यांच्यासमोर येते. म्हणून रुग्णालयातून घरी सोडण्यापूर्वी, किंवा प्रकृती परवानगी देईल तितक्या लवकर, ही तपासणी मागून घ्यावी आणि तिचा कागद डिस्चार्ज कार्डाला जोडून ठेवावा.