घरातले सरीसृप (लेखांक ६) : पाणी शुद्ध हवे की ताजे?

मागील लेखांकात आपण उष्णता आणि अतिनील प्रकाश यांचा विचार केला. दिव्याची ऊब गरजेची असली तरी तीच ऊब प्राण्याच्या अंगातले पाणी ओढून घेते, म्हणून आज पाण्याकडे वळू. इग्वाना, बॉल पायथन किंवा लाल कानाचे कासव पाळणाऱ्यांना एक प्रश्न हमखास पडतो: नळाचे पाणी चालेल, आरओचे द्यावे, की बाटलीबंद विकत आणावे? प्रश्न काळजीपोटी येतो, पण त्याचा रोख थोडा चुकतो. माणसाला पिण्यायोग्य असलेले, पालिकेने शुद्ध केलेले पाणी या प्राण्यांनाही पुरेसे सुरक्षित असते. त्यांना अपाय होतो तो बहुधा पाण्याच्या उगमापाशी नव्हे, तर आपण ते ज्या भांड्यात आणि जितका वेळ ठेवतो तिथे. हे म्हणणे आता तपासून पाहू.

सुरुवात मूत्रपिंडापासून करावी लागेल. सस्तन प्राण्यांची मूत्रपिंडे रक्तापेक्षा कितीतरी दाट मूत्र तयार करू शकतात; सरीसृपांच्या मूत्रपिंडांना ते जमत नाही. म्हणून सरडे, साप आणि जमिनीवरची कासवे नत्रयुक्त टाकाऊ द्रव्य युरिक आम्लाच्या रूपात, विष्ठेबरोबर दिसणाऱ्या पांढऱ्या लगद्यातून बाहेर टाकतात. यात पाणी वाचते. मात्र शरीर कोरडे पडले की हेच युरिक आम्ल मूत्रपिंडात आणि सांध्यांत साचते व गाऊट होतो. जादा क्षार बाहेर टाकायला काही सरड्यांच्या नाकात खास ग्रंथी असतात. इग्वाना शिंकतो आणि काचेवर पांढरे डाग पडतात, ते याच क्षारांचे. बियर्डेड ड्रॅगन ऑस्ट्रेलियाच्या रुक्ष प्रदेशातला, त्याला पाणी कशाला, असे म्हणणारे विसरतात की रानात तो भक्ष्यातून आणि हिरव्या पाल्यातून पाणी मिळवतो, शिवाय बिळात शिरून ऊन टाळतो. दिव्याखालच्या काचपेटीत यातले काहीच आपोआप होत नाही.

आता क्लोरिनचा आक्षेप घेऊ. ही धास्ती मासे पाळणाऱ्यांकडून आली आणि त्यांच्यापुरती ती रास्त आहे, कारण क्लोरिन माशांच्या नाजूक कल्ल्यांवर थेट घाला घालतो. बेडकाची ओलसर त्वचाही पाण्यातले बरेच काही शोषते. सरीसृप मात्र फुप्फुसांनी श्वास घेतात आणि त्यांची त्वचा केराटिनच्या खवल्यांनी झाकलेली असते. भारतीय मानकानुसार नळापर्यंत पोहोचलेल्या क्लोरिनयुक्त पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक असावा लागतो, तो वाटेत जंतू वाढू नयेत म्हणून. म्हणजे पिण्याच्या पाण्यातला क्लोरिन हा राखणदार आहे. वास खुपत असेल तर पाणी रुंद भांड्यात एक दिवस उघडे ठेवावे. क्लोरिन उडून जातो. अमेरिकेतील अनेक शहरांत वापरले जाणारे क्लोरामाइन असे उडत नाही, त्यासाठी क्लोरिन नाहीसा करणारे औषध घालावे लागते. तिकडे राहणाऱ्या वाचकांनी हे ध्यानात घ्यावे. पाणकासवाच्या टाकीत क्लोरिन काढणे योग्यच, पण त्याचे कारण वेगळे आहे. फिल्टरमधील उपयुक्त जिवाणू कासवाच्या मलमूत्रातला अमोनिया निकामी करतात आणि क्लोरिनने तेच मरतात.

दुसरा आक्षेप असा की आरओचे पाणी सर्वांत शुद्ध, मग तेच का देऊ नये? द्यायला हरकत नाही. त्यात कॅल्शियम नसते ही तक्रार फारशी वजनदार नाही, कारण सरीसृपांना कॅल्शियम मुख्यतः आहारातून मिळते. पण आरओ यंत्रात क्षारांबरोबर क्लोरिनही निघून जातो, त्यामुळे साठवलेल्या पाण्याला राखणदार उरत नाही. आरओची खरी गरज बोअरवेलच्या आणि टँकरच्या खाऱ्या, जड पाण्याला आहे. मानकानुसार पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत, नायट्रेट ४५ पर्यंत आणि फ्लोराइड १ पर्यंत असावे. चंद्रपूर, यवतमाळ भागातील भूजलात फ्लोराइडचा प्रश्न जुना आहे. असे पाणी उकळून भागत नाही. जंतू मरतात, पण क्षार तसेच राहतात, उलट पाणी आटल्याने थोडे दाट होतात. जे पाणी घरातल्या मुलांना आपण देणार नाही, ते मूत्र दाट न करू शकणाऱ्या प्राण्यालाही देऊ नये, ही साधी कसोटी पुरेशी आहे.

आता भांड्याकडे येऊ. साप पाण्यात तासन्‌तास बसतो आणि अनेक सरीसृप पाण्यातच विष्ठा करतात. उबदार पेटीतल्या अशा पाण्यात स्यूडोमोनास, एरोमोनाससारखे जिवाणू भराभर वाढतात. साल्मोनेला तर निरोगी दिसणाऱ्या सरीसृपाच्या आतड्यातही असू शकतो. त्यापायीच अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांपेक्षा लहान कवचाच्या कासवांची विक्री बंद केली. सकाळी ओतलेले महागडे बाटलीबंद पाणी दुपारी विष्ठेने बिघडले, तर त्याच्या शुद्धतेचा उपयोग काय? पाणी रोज बदलावे, घाण दिसताच लगेच बदलावे, भांड्याच्या तळाचा बुळबुळीत थर घासून काढावा आणि हे काम स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये करू नये. पाणी प्राण्याला ओळखूही यायला हवे. शॅमेलिऑन पानांवरचे थेंब पितो, भांड्यातले स्थिर पाणी सहसा त्याच्या लक्षातच येत नाही. त्याच्यासाठी फवारा हवा. तिथे आरओचे पाणी वापरले तर काचेवर क्षारांचे डाग पडत नाहीत.

हे सारे पाळण्याची परवानगी असलेल्या विदेशी प्राण्यांबद्दल आहे. तारा कासव, घोरपड यांसारखे देशी सरीसृप घरात ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, मग पाणी कितीही स्वच्छ दिलेले असो. बाकीच्यांना एवढीच विनंती, की बाटलीवरचा पैसा वाचवून रोजची दहा मिनिटे भांडे घासण्याला द्या. तहान लागली हे या प्राण्यांना ओरडून सांगता येत नाही. आत गेलेले डोळे आणि सैल पडलेली त्वचा दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.