दर हजारी पस्तीस

बोळिंजहून अर्नाळ्याचा समुद्र जवळ, आणि वसई खाडीच्या बाजूला मिठागरं. तरीही इथल्या फ्लॅटमध्ये माशा-पोवळ्यांसाठी खाऱ्या पाण्याचा टँक ठेवणारा माणूस मिठाच्या मापातच जास्त फसतो. खारेपणा मोजायला आपण जे आणतो, त्यातलं एकही साधन मीठ मोजत नाही. हायड्रोमीटर पाण्याची घनता बघतो, रिफ्रॅक्टोमीटर प्रकाश किती वळला ते बघतो, कंडक्टिव्हिटी मीटर वीज किती वाहते ते बघतो. त्यावरून मिठाचा आकडा काढलेला असतो.

पहिला गैरसमज: ‘समुद्राचं पाणी आणलं की ते ३५च असतं.’ दर हजारी ३५ ही शाळेच्या भूगोलातली सरासरी आहे. अर्नाळ्याच्या उत्तरेला वैतरणा समुद्राला मिळते. पावसाळ्यात नदीचं गोडं पाणी किनाऱ्यावर पसरतं आणि खारेपणा घसरतो. समुद्रावरून कॅनमध्ये आणलेलं पाणीही मोजूनच घ्यावं.

‘खडेमीठ विरघळवलं, आकडा ३५ आला, काम झालं.’ हा समज पोवळ्यांच्या जिवावर उठतो. मिठागरात पाणी आटतं तसा आधी चुनखडी खाली बसते, मग जिप्सम. मीठ धरतं ते साधारण २५ डिग्री बोमेला (बोमे हे घनतेचं माप), आणि मॅग्नेशियम असलेलं उरलेलं कडू पाणी सोडून देतात. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ४१० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि १३०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम असतं. खडेमिठाच्या पाण्यात दोन्ही नावापुरतं. खारेपणाचा आकडा यातलं काहीच सांगत नाही. मीठ घ्यायचं ते मरीन टँकसाठी बनवलेलंच.

काट्याच्या प्लॅस्टिक हायड्रोमीटरवर माझा विश्वास नाही. काट्याला मोहरीएवढा बुडबुडा चिकटला तरी तो वर उचलला जातो आणि पाणी आहे त्यापेक्षा खारं दिसतं. पाणी भरून डबी बोटाने टिचकवा, मिनिटभर थांबा, मग वाचा. काचेचा तरंगता हायड्रोमीटर जास्त भरवशाचा, पण त्याच्यावर छापलेलं तापमान वाचायलाच हवं. ३५च्या पाण्याची सापेक्ष घनता २५ अंश सेल्सिअसला १.०२६४ असते. हायड्रोमीटर १५.५ अंशांसाठी बनवलेला असेल आणि टँक २८ अंशांवर असेल, तर तेच पाणी १.०२३च्या थोडं वर दिसतं. माणूस घाबरून मीठ घालतो आणि टँक ३९च्या आसपास नेऊन ठेवतो.

सगळ्यात पक्का गैरसमज रिफ्रॅक्टोमीटरबद्दल: ‘डिस्टिल्ड वॉटरने शून्यावर आणला की पुढचं बरोबरच.’ शून्य बरोबर आलं म्हणजे शून्यच बरोबर आलं. बाजारातल्या बऱ्याच स्वस्त रिफ्रॅक्टोमीटरची पट्टी नुसत्या मिठाच्या पाण्यासाठी आखलेली असते. समुद्राचं ३५चं पाणी त्यावर ३६.५ दिसतं; म्हणजे टँकचं पाणी त्यावर ३५ दिसत असेल, तर ते प्रत्यक्षात ३३.५च्या आसपास असतं. म्हणून ३५च्या द्रावणाने जुळवायचं. विकतचं नसेल तर ३६.५ ग्रॅम मीठ आणि ९६३.५ ग्रॅम डिस्टिल्ड वॉटर एकत्र करा; ते प्रकाश ३५च्या समुद्राच्या पाण्याइतकाच वळवतं. पुडीतलं आयोडीनचं मीठ चालतं. वजनाला मात्र ०.१ ग्रॅमचा काटा हवा. स्वयंपाकघरातल्या काट्याची एका ग्रॅमची चूक म्हणजे एका अंकाची चूक. या द्रावणाचा एक थेंब काचेवर टाका, झाकण लावा, अर्धा मिनिट थांबा आणि निळ्या-पांढऱ्याची रेघ ३५वर येईपर्यंत स्क्रू फिरवा. बाटलीचं बूच घट्ट ठेवा, नाहीतर पाणी उडून द्रावण बिघडतं. हे द्रावण फक्त रिफ्रॅक्टोमीटरसाठी. कंडक्टिव्हिटी मीटरला वेगळं लागतं. २५ अंशांना ३५चं समुद्राचं पाणी त्यावर ५३ मिलिसिमेन्स दाखवतं.

‘एटीसी लिहिलंय, म्हणजे तापमानाची चिंता नाही’ हेही अर्धंच खरं. एटीसी, म्हणजे रिफ्रॅक्टोमीटरमधली तापमानाची आपोआप भरपाई, उपकरणाचं तापमान सांभाळते, तेही बहुधा १० ते ३० अंशांत. मे महिन्यात दुपारी आपल्या खोल्या त्याच्या पलीकडे असतात. सकाळी मोजा, आणि द्रावण, टँकचं पाणी दोन्ही एकाच खोलीत, एकापाठोपाठ.

राहिलं रोज उडणारं पाणी. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. कमी झालेल्या पाण्याच्या जागी खारं पाणी घातलं की आकडा चढतच जातो. तिथे आरओचं गोडं पाणी घालायचं, टँकरचं नको. काचेवर मार्करने पातळीची रेघ मारून ठेवा; रोज सकाळी त्या रेघेपर्यंत भरा, पंप थोडा वेळ फिरू द्या, मग मोजा.