फॉरमॅट मारण्याआधी

जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये मी हार्ड डिस्कची कामं करतो. लग्नसराईत धुळे, शिरपूर, अमळनेरकडचे व्हिडिओवाले यायचे, ते एकच गाऱ्हाणं घेऊन: "भाऊ, इतली जागा शे, तरी फाइल काबर जात नही?" येण्याआधी कुणीतरी सांगितलेलं असायचं, फॉरमॅट मारा, म्हणजे डिस्क पुसून टाका. कुणाच्या तरी लेकीचं लग्न त्या डिस्कमध्ये आहे आणि हा सल्ला! मला तेव्हाही राग यायचा, आजही येतो.

अडचण जागेची नसते, नोंदवहीची असते. कोणती फाइल डिस्कवर कुठे आहे हे लिहून ठेवायची पद्धत म्हणजे फाइल सिस्टिम. १९९६ मध्ये आलेल्या फॅट ३२ मध्ये एक फाइल ४ जीबीच्या पुढे जातच नाही. टेपवरून उतरवलेलं डीव्ही चित्रण तासाला सुमारे १३ जीबी खायचं, म्हणजे वीस मिनिटांच्या आतच फाइल तुटायची. एनटीएफएस या दुसऱ्या फाइल सिस्टिमला ही अडचण नाही.

आणि फॅट ३२ वरून एनटीएफएसवर जाण्याचा हा बदल फॉरमॅट न मारता होतो. विंडोजमध्येच सोय आहे. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, आधी चेकडिस्क चालवून चुका दुरुस्त करा, मग 'कन्व्हर्ट ई: /एफएस:एनटीएफएस' ही आज्ञा द्या, 'ई'च्या जागी आपल्या ड्राइव्हचं अक्षर. फाइली जागेवरच राहतात, नवी नोंदवही मोकळ्या जागेत तयार होते. म्हणून डिस्क गच्च भरलेली नको.

खरी धास्ती लाइटची. भुसावळजवळ दीपनगरला वीज तयार होते, तरी भारनियमनाच्या वर्षांत आम्ही तासन् तास अंधारात बसलो आहोत. काम अर्धवट असताना लाइट गेली किंवा केबल निघाली, तर नोंदी बिघडू शकतात. इन्व्हर्टर नसेल तर चार्ज केलेल्या लॅपटॉपवरच हे काम करा.

दुसरं म्हणजे, परतीची सोय विंडोजने ठेवलेली नाही. पुन्हा फॅट ३२ हवं असेल तर फॉरमॅटच. काही जुने टीव्ही एनटीएफएस ओळखत नाहीत. मॅक ते वाचतो, पण त्यावर लिहीत नाही. डिस्क अशी चार ठिकाणी फिरणार असेल तर एक्सफॅट ही तिसरी फाइल सिस्टिम बरी, पण 'कन्व्हर्ट' तिथे चालत नाही, डिस्क रिकामीच करावी लागते.

तेव्हा आधी दुसऱ्या डिस्कवर प्रत काढा, दोन-चार फाइली उघडून बघा. तोवर कुणालाही, मलासुद्धा, तुमच्या डिस्कला हात लावू देऊ नका.