उपग्रहाला काजूही हिरवा, ऐनही हिरवा

आजच्या भागात बघूया, जंगल मोजतात कसं. सुरुवात माझ्या फजितीपासून करतो.

मी कोड लिहिणारा माणूस. दिवाळीनंतर एका रविवारी सेंटिनेल-२ उपग्रहाच्या फुकट मिळणाऱ्या इमेजेस डाउनलोड केल्या आणि कोकणातल्या आमच्या गावामागच्या डोंगरावर स्क्रिप्ट चालवली. नकाशा हिरवागार! लगेच काकांना व्हॉट्सॲप केलं, "बघा, आपलं जंगल शाबूत आहे." काकांचा फोन आला, "अरे, कसलं जंगल? अर्धा डोंगर तोडून काजू लावलाय. सात वर्षं झाली."

कोड बरोबर होता. माझा प्रश्नच चुकला होता.

पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेकतं. या दोन्हींच्या फरकावरून इमेजमधल्या प्रत्येक १० बाय १० मीटरच्या चौकोनाला एक आकडा मिळतो. तो सांगतो, इथे हिरवं किती आहे. ते हिरवं कशाचं आहे, हे तो सांगत नाही.

सरकारी व्याख्याही अशीच आहे बरं का. डेहराडूनचं भारतीय वन सर्वेक्षण १९८७पासून साधारण दर दोन वर्षांनी अहवाल काढतं. त्यात किमान १ हेक्टर जमीन आणि १० टक्क्यांहून जास्त झाडांची सावली असली, की ते 'वनाच्छादन'. जमीन कोणाची, झाड कुठलं, हे बघत नाहीत. आंब्याची बागसुद्धा त्यात बसते. म्हणून तो आकडा वाचताना त्यामागची व्याख्या आधी वाचायची.

मग फरक ओळखायचा कसा? महिना बदला. पावसाळ्यानंतर सगळंच हिरवं असतं. पण ऐन, किंजळ उन्हाळ्यात पानं गाळतात, काजू गाळत नाही. मी एप्रिलची इमेज घेतली आणि डोंगराचे सरळ दोन तुकडे दिसले. गंमत म्हणजे, जो तुकडा उघडाबोडका दिसत होता तेच खरं जंगल!

तरीही झाड वाढतंय का, हे त्यातून कळत नाहीच. त्याला टेप लागते. जमिनीपासून १.३७ मीटरवर, म्हणजे साडेचार फुटांवर, खोडाचा घेर मोजायचा. उतारावर असाल तर वरच्या बाजूला उभं राहून. समजा, घेर ९४ सेंमी आहे आणि वर्षाने ९६ झाला. वाढ फक्त २ टक्के वाटते. पण घेराचा वर्ग करून ४ पायने भागा. खोडाच्या छेदाचं क्षेत्रफळ ७०३वरून ७३३ चौरस सेंमी झालेलं दिसेल, म्हणजे ४ टक्क्यांहून जास्त. वरून बघितलं तर मात्र सावली तेवढीच.

मे महिन्यात मी आणि काकांनी उरलेल्या अर्ध्या डोंगरावरची ४० झाडं मोजली. प्रत्येकावर रंगाचा पट्टा, वहीत नंबर, घेर, तारीख. तोडलेल्या अर्ध्यात काय काय होतं, ते आता फक्त काकांना आठवतं. नोंद कुठेच नाही.

तुम्हीही घराजवळचं एक झाड आज मोजा. पट्टा मारा, तारीख लिहा. पुढच्या वर्षी त्याच दिवशी, त्याच पट्ट्यावर परत टेप लावा.

भेटूया पुढच्या भागात!