मुलांच्या दातांना फ्लोराइडचा लेप

● काय : ५ टक्के सोडियम फ्लोराइडचे व्हार्निश. दात पुसून छोट्या ब्रशने पातळ थर लावतात; लाळ लागताच तो घट्ट बसतो. सुई नाही, भूल नाही.
● कधी : दर ३ ते ६ महिन्यांनी.
● नंतर : काही तास कडक, गरम खाणे टाळा. दातांवरची पिवळसर झाक तात्पुरती असते.
● रोज : ३ वर्षांखालील मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी, ६ वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी फ्लोराइड पेस्ट.
● पाणी : मिरजेच्या नळाला कृष्णेचे पाणी येते. बोअरचे पाणी पीत असाल तर तपासून घ्या. लिटरमागे १ मिलिग्रॅम फ्लोराइड योग्य, पर्याय नसेल तर कमाल १.५.
● कुठे : सांगली-मिरज रस्त्यावर वानलेसवाडीत भारती विद्यापीठाचे दंत महाविद्यालय आहे. कीड लागण्याआधीच मुलांचे दात दाखवा.