गायक गेला, बँड राहिला

रॉक बँडचा चेहरा म्हणजे त्याचा गायक. वादकांची नावे ठाऊक नसलेला श्रोताही गायकाला ओळखतो. म्हणून गायक बाहेर पडला की बँड संपला, असे लोक धरून चालतात. पुष्कळदा तसेच होते. १९७७ साली लंडनमध्ये सुरू झालेला ‘द पोलीस’ हा बँड ऐन भरात असताना थांबला आणि त्याचा गायक स्टिंग १९८५पासून स्वतःच्या नावावर अल्बम काढू लागला. इंग्लंडच्याच ‘जेनेसिस’ने मात्र गायक गमावल्यावर आधीपेक्षा मोठे यश मिळवले. गायकाविना बँड केव्हा टिकतो आणि केव्हा टिकत नाही, हे या एकाच बँडच्या इतिहासातून नीट समजते.

इंग्लंडच्या सरे परगण्यातल्या चार्टरहाउस या निवासी शाळेतील मुलांनी १९६७मध्ये हा बँड उभा केला. पीटर गॅब्रिएल गायक, टोनी बँक्स कीबोर्डवर, तर माइक रदरफोर्ड आणि अँथनी फिलिप्स गिटारवर. १९६९चा पहिला अल्बम फारसा खपला नाही. रंगमंचाच्या भीतीने फिलिप्स १९७०मध्ये बाहेर पडला. त्याच वर्षी ड्रमर म्हणून फिल कॉलिन्स आला आणि पुढच्या वर्षी गिटारवादक स्टीव्ह हॅकेट. या पाच जणांची गाणी लांबलचक, कथा सांगणारी असत. १९७२च्या ‘फॉक्सट्रॉट’ अल्बममधले एक गाणे तर जवळजवळ २३ मिनिटांचे आहे.

कार्यक्रमात दोन गाण्यांच्या मध्ये बारा तारांच्या गिटारी सुरात लावायला बराच वेळ लागे. प्रेक्षक कंटाळू नयेत म्हणून गॅब्रिएल चमत्कारिक गोष्टी सांगू लागला. पुढे सोंगेही आली. १९७२मध्ये डब्लिनच्या कार्यक्रमात बायकोचा लाल झगा अंगात आणि कोल्ह्याचे मुंडके डोक्यावर, अशा वेषात तो रंगमंचावर आला. सहकाऱ्यांना त्याची आधी कल्पनाही नव्हती. वृत्तपत्रांना छायाचित्रे मिळाली, बँडचे नाव झाले आणि कुरबुरीही तिथूनच वाढल्या. गाणी सगळ्यांनी मिळून रचलेली, त्यांचे श्रेय सगळ्या बँडचे. पण वाचकांना वाटे की सारे काही गॅब्रिएलच करतो.

१९७४च्या ‘द लँब लाइज डाउन ऑन ब्रॉडवे’ या दुहेरी अल्बममध्ये हा ताण उघड झाला. न्यूयॉर्कमधल्या एका तरुणाची ही कथा आपणच लिहिणार, असा गॅब्रिएलचा आग्रह होता. बाकीचे एका खोलीत चाली बांधत आणि तो वेगळा बसून शब्द लिही. मध्येच एका चित्रपट दिग्दर्शकाच्या बोलावण्यावरून तो काही काळ बँड सोडूनही गेला. त्यातच त्याच्या पहिल्या मुलीच्या जन्माच्या वेळी मोठी गुंतागुंत झाली, तेव्हा बँडने आपली अडचण समजून घेतली नाही असे त्याला वाटले. दौरा चालू असतानाच त्याने जाण्याचा निर्णय सांगितला, दौरा पुरा केला आणि १९७५मध्ये तो वेगळा झाला.

बँडने नव्या गायकाचा कसून शोध घेतला. कोणीच पसंत पडेना, तेव्हा आजवर ड्रम वाजवत साथीला गाणारा कॉलिन्स पुढे आला. त्याच्या आवाजातला ‘अ ट्रिक ऑफ द टेल’ हा १९७६चा अल्बम ब्रिटनच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर पोहोचला. १९७७मध्ये हॅकेटही गेला. उरलेल्या तिघांनी गाणी आटोपशीर केली आणि श्रोतावर्ग वाढतच गेला.

गॅब्रिएलचा पहिला स्वतंत्र अल्बम १९७७चा. वेगळे होऊनही जुने संबंध तुटले नाहीत. त्याच्या १९८०च्या तिसऱ्या अल्बमसाठी कॉलिन्स ड्रम वाजवायला आला. झांजा अजिबात वाजवायच्या नाहीत, ही गॅब्रिएलची अट होती. ध्वनितंत्रज्ञ ह्यू पॅडगम याने खोलीत घुमणारा ड्रमचा आवाज खूप वाढवला आणि तो विरण्याआधीच यंत्राने एकदम तोडला. ठोका प्रचंड वाटे आणि त्यापाठोपाठ लगेच शांतता. हाच नाद घेऊन कॉलिन्सने १९८१मध्ये ‘इन द एअर टुनाइट’ केले. पहिले लग्न मोडल्याच्या दुःखातून आलेल्या या गाण्याने त्याची स्वतंत्र कारकीर्द सुरू झाली. पुढे दशकभर अनेकांनी तो ड्रमचा आवाज वापरला.

१९८२मध्ये गॅब्रिएलने देशोदेशींच्या संगीताचा ‘वोमॅड’ महोत्सव भरवला आणि तो कर्जात बुडाला. तेव्हा जुने सहकारी धावून आले. ऑक्टोबरमध्ये मिल्टन कीन्स इथे त्याच्यासह एकच कार्यक्रम करून त्यांनी पैसे उभे केले. त्यामुळे महोत्सव तगला. पुढे गॅब्रिएलच्या ‘रिअल वर्ल्ड’ कंपनीने नुसरत फतेह अली खान यांचे गाणे पाश्चात्त्य श्रोत्यांपर्यंत नेले. जुलै १९८६मध्ये जेनेसिसचे ‘इनव्हिजिबल टच’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होते. त्याला तिथून खाली खेचले ते गॅब्रिएलच्या ‘स्लेजहॅमर’ने.

१९९६मध्ये कॉलिन्सनेही बँड सोडला. रे विल्सन हा नवा गायक घेऊन १९९७मध्ये अल्बम निघाला, पण या वेळी जम बसला नाही आणि अमेरिकेचा दौरा रद्द करावा लागला. कॉलिन्ससह बँड पुन्हा जमला तो २००७च्या दौऱ्यासाठी आणि अखेर २०२१-२२मध्ये. तोवर कॉलिन्सला ड्रम वाजवणे अशक्य झाले होते. तो बसून गायला आणि ड्रमवर त्याचा मुलगा निक होता. मार्च २०२२मध्ये लंडनला शेवटचा कार्यक्रम झाला.

दोन गायक गेले, पण परिणाम निराळे झाले, याचे कारण गाणी कशी तयार होत त्यात आहे. १९७५मध्ये गेला तो आवाज आणि शब्द. चाली बांधणारे बँक्स आणि रदरफोर्ड जागेवरच होते आणि गाणारा घरातच सापडला. १९८०च्या दशकात मात्र तिघे एकत्र बसून, वाजवता वाजवता गाणी रचू लागले होते. त्यामुळे कॉलिन्सबरोबर गायक गेला आणि गाणी घडवणाऱ्या तिघांपैकी एक जण कमी झाला. ‘द पोलीस’मध्ये तर बहुतेक गाणी स्टिंगचीच होती. लोक बँडला गायकाच्या चेहऱ्याने ओळखतात. पण बँड तगतो तो गाणी रचणाऱ्यांच्या बळावर.