साप काय सांगतो ते ओळखा

पुण्यात कोथरूडला टेकडीच्या पायथ्याशी रोपवाटिका, पडीक जागा व वस्ती लागून आहेत. उंदरांमागे साप तेथे येणारच. धामण बिनविषारी, उंदीर खाणारी. म्हणून ती धरून घरी पाळण्याचा मोह काहींना होतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे. शिवाय हाताळणी सापाला संकटच वाटते. तिला बांधावर मोकळी राहू द्यावी.

साप बहुधा चावण्यापूर्वी इशारा देतो. नाग फणा काढतो. घोणस वेटोळे घालून कुकरच्या शिट्टीसारखे फूत्कारते. तिला अजगराचे पिलू समजून हात घालणारे जिवावर बेततात. फुरसे अंगाचे खवले घासून खरखर आवाज करते. मान आखडून डोके मागे घेतलेला साप झेपेच्या तयारीत असतो. मण्यारीचा मात्र नेम नाही. ती रात्री अंथरुणात शिरते आणि दंश पुष्कळदा जाणवतही नाही.

इशारा दिसताच सावकाश मागे सरावे व वन विभागास कळवावे. दंश झाल्यास आवळून बांधू नये, चिरा देऊ नये. अवयव न हलवता रुग्णास तातडीने रुग्णालयात न्यावे. या चारही विषारी सापांवर लस एकच असते, तेव्हा साप मारून सोबत नेण्यात वेळ दवडू नये.